पहिलं मरण कुणाचं?

गोष्ट तशी जुनी, २००८ च्या उन्हाळ्यातली. पण परवा मागच्या अंगणात लालभडक कार्डिनल पक्षी येऊन बसला आणि सगळं पुन्हा आठवलं. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज लिहूनच टाकते.

आम्ही तेव्हाही सिनसिनाटीच्या याच उपनगरात राहत होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ. बायको आधीच वारलेली, मुलं लांब. माझी लेक सहा वर्षांची होती आणि तिला इथे आजोबा नव्हते, म्हणून तिनं यांनाच आजोबा करून टाकलं. अगदी मराठीत "आजोबा" अशी हाक मारायची आणि तेही ओ द्यायचे.

तर एका सकाळी आजोबांच्या मांजरीनं आमच्या झुडपातल्या घरट्यातलं कार्डिनलचं पिल्लू धरलं. लेकीच्या डोळ्यांदेखत. लगेच मारलंही नाही. सोडायचं, पुन्हा पंजा मारायचा, असा खेळ चालला होता. मी धावत जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. लेक रडत रडत कुंपणाशी गेली. आजोबा तिकडे गवत कापत होते. त्यांनी यंत्र बंद केलं, गुडघे दुखत असूनही खाली बसले, आणि तिला म्हणाले, "बाळा, सुरुवातीला हे असं नव्हतं. देवानं जग केलं तेव्हा मांजरी पाखरं खात नव्हत्या."

"मग काय खायच्या?"

"गवत, फळं."

"मग पाखरं खायला कोणी शिकवलं?"

आजोबा जरा थांबले. म्हणाले, "आपल्यामुळे झालं ते. आपण माणसांनी देवाचं ऐकलं नाही."

त्या रात्री लाईट घालवल्यावर अंधारात प्रश्न आला, "आई, मी काय केलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. "काही नाही गं, झोप" म्हटलं. पण मलाच झोप लागेना.

*

आता आजोबांची बाजू नीट मांडते, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की "काय ही अमेरिकन माणसं!" म्हणून हसण्यावारी नेतात. मीही तेच करत होते.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, देव माणसाला धान्य आणि फळं खायला देतो, आणि पशुपक्ष्यांना हिरवा पाला. मांसाची परवानगी माणसाला मिळते ती पुढे, नोहाच्या जलप्रलयानंतर. म्हणजे आदाम आणि हव्वा आमच्या आजीइतकेच कट्टर शाकाहारी! पुढे त्यांनी मना केलेल्या झाडाचं फळ खाल्लं आणि शाप आला. जमिनीत काटे आले, बाळंतपणाच्या वेदना आल्या, मरण आलं. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की एका माणसाकडून पाप जगात आलं आणि पापातून मरण. सृष्टिनिर्मितीवादी मंडळी, म्हणजे पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे असं मानणारे, याचा अर्थ असा लावतात की त्या पापाआधी जगात एकही प्राणी मेला नव्हता. ससा नाही, सिंह नाही, डायनासोर नाही. (हो, डायनासोरही तेव्हा आदामाच्या शेजारीच राहत होते.)

"मग गाजर उपटलं तर गाजर मेलं नाही का?" असं मी आजोबांना विचारलं होतं. जगदीशचंद्र बसूंच्या देशातली मी, विचारणारच. त्याचंही उत्तर तयार होतं. हिब्रू बायबल प्राण्यांसाठी 'नेफेश' असा शब्द वापरतं, श्वास घेणारा जीव अशा अर्थानं. झाडांसाठी तो वापरत नाही. तेव्हा झाडाचं सुकणं हे मरण नव्हेच. किड्यांचं काय, यावर मात्र त्यांच्यातही एकमत नाही.

हे सगळं त्यांना इतकं महत्त्वाचं का वाटतं? त्यात एक तर्क आहे, आणि तो बिनडोक नाही. मरण जर पापाची शिक्षा असेल, तर ख्रिस्तानं वधस्तंभावर मरून ती शिक्षा आपल्या अंगावर घेतली याला अर्थ आहे. पण पहिला माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी मरत असतील, तर मरण ही शिक्षा कसली? आणि शिक्षाच नसेल, तर सुटका कशातून? एक वीट काढली की सगळी भिंत येते, असं त्यांना वाटतं. वय सहा हजार की साडेचारशे कोटी, हा त्यांच्या दृष्टीनं आकड्यांचा वाद नाहीच. मरणावर जय मिळणार की नाही, हा आहे.

*

ऑगस्टमध्ये आजोबा आम्हाला त्यांच्या आवडत्या म्युझियममध्ये घेऊन गेले. केंटकीत पीटर्सबर्गला हे क्रिएशन म्युझियम २८ मे २००७ ला उघडलं. खर्च सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. आमच्याकडून ओहायो नदी ओलांडली की विमानतळ लागतो (सिनसिनाटीचा विमानतळ सिनसिनाटीत नाही, ओहायोतही नाही, केंटकीत आहे. असो.) आणि त्याच्या थोडं पलीकडे म्युझियम.

खोटं कशाला बोलू, मांडणी झकास होती. एदेन बागेत धबधबा, झाडं, आदाम, हव्वा, आणि आसपास निवांत प्राणी. लेक हरखून गेली. मग पापाचा प्रसंग, आणि त्यानंतर एकदम अंधारी वाट. तिथे रोगराई, युद्ध, माणसांचे हाल यांची चित्रं. आजोबा तिथे बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत.

डायनासोरच्या सुरीसारख्या दातांचं काय, असं मी विचारलं. दात तीक्ष्ण म्हणजे मांसाहारीच असं नाही, पांडाचे दात बघा, तो बांबू खातो. फळं खाणारी वटवाघळं बघा, असं उत्तर मिळालं. दातांपुरतं हे खरंच आहे. पण आजोबांच्या मांजरीचंच घ्या. मांजराच्या शरीराला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं आणि ते त्याला पुरेसं तयार करता येत नाही. वनस्पतींत ते जवळपास नसतंच, मांसात मिळतं. मिळालं नाही तर मांजर आंधळं होतं, त्याचं हृदय निकामी होतं. म्हणजे मांजर नुसतं दातांनी मांसाहारी नाही, रक्तापासून डोळ्यांपर्यंत मांसाहारी आहे. शापानंतर हे सगळं बदललं म्हणावं, तर काही हजार वर्षांत इतका बदल! एवढा वेग उत्क्रांतीला खुद्द डार्विननंही दिला नव्हता.

आणि गंमत बघा. ते म्युझियम ज्या जमिनीवर उभं आहे, तीच मुळात मरणाची वही आहे. सिनसिनाटीच्या आसपासचा खडक म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. रस्त्यासाठी कुठेही डोंगर कापला की शिंपल्यांसारखे ब्रॅकिओपॉड, ट्रायलोबाईट असे जीव थरावर थर रचलेले दिसतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ ते बघायला येतात. आमच्या लेकीनं बूटभर गोळा केलेत. सृष्टिनिर्मितीवादी म्हणतात की हे थर नोहाच्या प्रलयात साचले, एका वर्षात. पण त्या थरांत पिढ्यानपिढ्या एकाच्या मेलेल्या कवचावर दुसरे जीव चिकटून वाढलेले दिसतात. खवळलेल्या प्रलयात इतका निवांतपणा कुठून आणायचा?

त्याच बून काउंटीत बिग बोन लिक नावाची जागा आहे. खारट पाण्याचे झरे. मीठ चाटायला हिमयुगातले मॅमथ, मॅस्टोडॉन यायचे, काही चिखलात रुतून मरायचे. इथली हाडं १७३९ मध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्यानं गोळा करून पॅरिसला नेली. पुढे १७९६ मध्ये पॅरिसच्या क्युव्हियेनं हत्तीवर्गाच्या अशाच हाडांवरून दाखवून दिलं की काही जाती पृथ्वीवरून कायमच्या गेल्या आहेत. राष्ट्राध्यक्ष जेफरसनला ते पटत नव्हतं. निसर्गाच्या साखळीतली एकही कडी तुटू शकत नाही असं त्याला वाटायचं. त्यानं १८०७ मध्ये विल्यम क्लार्कला मुद्दाम इथे हाडं खणायला पाठवलं. नुसतं एका प्राण्याचं मरण नव्हे, आख्ख्या जातीचं मरण मान्य करायला माणसाला किती जड गेलं, त्याची ही जागा. दोन्ही ठिकाणं एकाच काउंटीत. आजोबा इतकी वर्षं इथे राहून बिग बोन लिकला कधी गेले नव्हते. मग पुढच्या महिन्यात मी त्यांना नेलं. फिट्टंफाट!

*

ख्रिस्ती धर्म म्हणजे हेच, असंही कुणी समजू नका. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसनं लिहून ठेवलंय की माणसाच्या पापामुळे प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. आज जे सिंह-ससाणे मांस खातात ते तेव्हा पाला खात होते हे संभवत नाही. अठराव्या शतकातला जॉन वेस्ली मात्र उलट बाजूचा, पापाआधी प्राणी निरुपद्रवी होते असं सांगणारा. म्हणजे वाद घरातलाच आहे आणि जुना आहे.

मला सगळ्यात आवडला तो विल्यम बकलंड. ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ आणि शिवाय पाद्री. १८२१ मध्ये यॉर्कशायरमध्ये कर्कडेलची गुहा सापडली. त्यात तरस, हत्ती, गेंडे, पाणघोडे यांची हाडं. हाडं चावलेली. या गड्यानं काय करावं? फिरत्या प्राणिसंग्रहालयातल्या जिवंत तरसाला बैलाचं हाड खायला घातलं आणि दातांच्या खुणा ताडून पाहिल्या. जुळल्या! ती तरसांची गुहा होती, आणि शिकार तिथे फार फार पूर्वीपासून चालली होती. याच बकलंडनं १८३९ मध्ये ऑक्सफर्डच्या चर्चमध्ये प्रवचन दिलं आणि विषय नेमका हाच घेतला: शापातली मरणाची शिक्षा सगळ्या प्राण्यांना होती की फक्त माणसाला? त्याचं उत्तर, फक्त माणसाला. म्हणजे डार्विनचं पुस्तक यायच्या वीस वर्षं आधी एक पाद्री हे प्रवचनात सांगत होता. अमेरिकेत सहा हजार वर्षांच्या पृथ्वीला पुन्हा जोर आला तो पुष्कळ अलीकडे, १९६१ मध्ये व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकानंतर.

आणि खुद्द डार्विन? त्याची लाडकी ॲनी दहा वर्षांची होऊन १८५१ मध्ये गेली. १८६० मध्ये त्यानं अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, आणि ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्यात डार्विन म्हणतो की जिवंत अळीच्या आत वाढून तिला खाणारी गांधीलमाशी, उंदराशी खेळणारं मांजर, हे दयाळू देवानं मुद्दाम केलं असेल असं माझ्या मनाला पटत नाही.

हे वाचलं तेव्हा मी चमकलेच. मांजर! आजोबांना छळणारं मांजर आणि डार्विनला छळणारं मांजर एकच होतं. चांगल्या देवानं हे मुद्दाम केलेलं नाही, इथपर्यंत दोघं एका वाटेनं येतात. तिथून आजोबा म्हणतात, मग हे आपल्या पापामुळे झालं. डार्विन म्हणतो, मग हे कुणी मुद्दाम केलेलंच नाही.

मी डार्विनच्या वाटेनं जाते. पण आजोबांनी सोडलेली वाट का सोडली ते मला कळतं. ते कसं, तेच आता सांगायचंय. इथून पुढचं लिहायला थोडं जड आहे.

*

त्याआधीच्या नोव्हेंबरात, २००७ मध्ये, माझे बाबा गेले. नाशिकला. आठ महिने अर्धांगवायूनं अंथरुणावर होते. मी तिसऱ्या दिवशी पोचले. सगळं उरकलं होतं. भेटायला येणारे म्हणत होते, "सुटले बिचारे." "सोनं झालं त्यांचं." "जन्माला आला तो जाणारच." आत्या, तू हे वाचशीलच, म्हणून सांगते, तुझं तसं म्हणणं मायेपोटीच होतं. पण मला तेव्हा प्रत्येक वाक्याचा राग येत होता. सगळ्यांना इतक्या लवकर कसं चालतंय, असं वाटत होतं. आणि एका नातेवाइकांनी (कोण ते सांगत नाही) हळूच म्हटलं, "मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल, म्हणून इतकं भोगावं लागलं." माझे बाबा! आयुष्यभर रिक्षावाल्याला सुटे पैसे सोडून देणारा माणूस.

परत आले त्या संध्याकाळी आजोबा दारात उभे. हातात बटाट्याचं कॅसरोल, आम्ही मांस खात नाही म्हणून खास बिनमांसाचं केलेलं. त्यांनी "सुटले" म्हटलं नाही. म्हणाले, "हे असं व्हायला नको होतं. मरण आपला शत्रू आहे." एवढंच. आणि मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

म्हणून मी त्यांच्या म्युझियमला नुसती हसू शकत नाही. मरण स्वाभाविक आहे हे शंभर टक्के खरं असून, रडणाऱ्या माणसाच्या ते काही कामाचं नसतं. "हे असं व्हायला नको होतं" हे वाक्य भूशास्त्र म्हणून साफ चूक आहे. दुःख म्हणून ते पुरेपूर खरं आहे.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. "व्हायला नको होतं" म्हटलं की मन लगेच विचारतं, मग कुणामुळे झालं? आणि आरोपी सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. कुठे आदाम आरोपी, कुठे बाबांचा मागचा जन्म. देश निराळे, ग्रंथ निराळे, खोड एकच. आणि त्याची किंमत कोण मोजतं? अंथरुणावर पडलेला माणूस. किंवा अंधारात "मी काय केलं होतं?" विचारणारी सहा वर्षांची पोर.

आपल्याकडे याहून निराळी एक गोष्ट आहे, मला ती मोठेपणी कळली. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात. ब्रह्मदेवानं प्राणी निर्माण केले, ते वाढतच गेले, कुणी मरेना, श्वास घ्यायला जागा उरेना. तेव्हा मृत्यू नावाची स्त्री उत्पन्न झाली आणि तिला संहाराचं काम सांगितलं. ती रडायला लागली. लोकांच्या जिवाची माणसं मी कशी नेऊ? ते काम नको म्हणून तिनं तप केलं. तिचे अश्रू ब्रह्मदेवानं ओंजळीत धरले होते, त्यांचेच पुढे रोग झाले. या गोष्टीत कुणी फळ चोरलेलं नाही, कुणी पापी नाही. जागा हवी म्हणून मरण आलं, आणि स्वतः मृत्यूच रडली. विज्ञान नाही हे, गोष्टच आहे. पण पहिलं मरण कुणाच्या पापानं आलं, हा प्रश्नच तिच्यात नाही, म्हणून मला ती जवळची वाटते.

विज्ञानात जे कळलं ते याहून विलक्षण आहे. पोटातल्या बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. एका इवल्याशा पारदर्शक कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. आजोबा म्हणतील, पेशीचं मरण हे बायबलमधलं मरण नव्हे. असेलही. पण कसलंही पाप करायला वेळच न मिळालेल्या गर्भात मरण आधीच कामाला लागलेलं असतं, आणि ते शिक्षा करत नसतं. हात घडवत असतं.

*

लेकीला मी शेवटी काय सांगितलं? शास्त्र नाही सांगितलं. दोन-तीन दिवसांनी तिला घरट्यापाशी नेलं. एक पिल्लू वाचलं होतं आणि त्याची आई त्याला अळ्या भरवत होती. म्हटलं, "बघ, पिल्लालाही भूक लागते, मांजरीलाही लागते. तू काहीच केलं नाहीस. कुणीच काही केलं नाही. तरी आपल्याला वाईट वाटतं ना? ते वाटू दे."

ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग अळीसाठी कोण रडणार?"

या प्रश्नाला अजून माझ्याकडे उत्तर नाही.

आजोबा २०१६ च्या शरद ऋतूत गेले. त्याच वर्षी ७ जुलैला विल्यम्सटाऊनला नोहाच्या तारवाची प्रचंड प्रतिकृती उघडली होती. ती बघायची त्यांची फार इच्छा होती. तब्येतीनं साथ दिली नाही. चर्चमध्ये सगळे गात होते. सिंह आणि कोकरू एकत्र बसतील त्या दिवसाबद्दल पाद्रीसाहेब बोलले. माझा त्यावर विश्वास नाही. पण नंतर त्यांच्या मुलाला भेटायला गेले तेव्हा, काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होते ती सगळी विसरले, आणि तोंडातून निघालं ते आजोबांचंच वाक्य. "हे असं व्हायला नको होतं."

लेक तेव्हा चौदा वर्षांची होती, शेजारीच उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, तुला तर हे पटत नाही ना?"

म्हटलं, "नाही पटत. पण आज ते म्हणायचं होतं."

तिला पटलं असावं. काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली.